माफीची पायरी

९ जुलै

ती. मावशी,

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला हसवतेस आणि हसले की माझा मुद्दा हातातून निसटतो. शिवाय आई तुझ्याकडे येऊन बसलेली असली की तिला पलीकडून सगळं ऐकू येतं. तिला हे इतक्यात कळायला नको आहे.

मला तुझ्याकडून एक दाखला हवा आहे. 'ही मुलगी धडधाकट आहे, हिला खेळायला हरकत नाही,' एवढाच.

आता मागचं सांगते. कॉलेजात शिरताना तू मला खेळाच्या तासाची माफी लिहून दिली होतीस. माफीवाल्यांनी त्या तासाला खोलीत जायचं नसतं. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या चार पायऱ्या आहेत, तिथे बसून बाकीच्यांची घड्याळं, चष्मे, पिशव्या सांभाळायच्या. सगळे त्या जागेला माफीची पायरी म्हणतात, जणू आम्ही काहीतरी करून बसलोय आणि कुणीतरी मोठ्या मनाने सोडून दिलंय. तीन वर्षं मी दुसऱ्यांची घड्याळं राखते आहे. माझ्याइतकी अचूक वेळ या कॉलेजात कुणाला माहीत नसेल.

गेल्या महिन्यात सामानाच्या खोलीचं दार फुगून बसलं. मैदानाच्या सरांनी ढकललं, शिपायाने लाथ घातली, दार ढिम्म. आम्ही पायरीवरच्या आठ जणी नुसत्या बसलो होतो. हवालदार म्हणून एक आहे आमच्यात, आवाज तसाच आहे म्हणून ते नाव पडलं. ती म्हणाली, "दोरी बांधा कडीला, बघते कसं येत नाही ते." दोरीचं शेवटचं टोक माझ्या वाट्याला आलं. मी ते कमरेभोवती घेतलं आणि मागे रेलून बसले. हवालदारने हाळी दिली आणि दार चौकटीसकट आमच्या अंगावर आलं.

वाटलं, आता झाडणार. सर चौकटीकडे बघेचनात, माझ्या पायांकडे बघत होते. टाचा मातीत चार बोटं रुतल्या होत्या. म्हणाले, "तू बसलीस की झाड लावल्यासारखी बसतेस. शेवटी अशीच मुलगी लागते."

मावशी, माझ्या वजनाबद्दल आजवर एवढं चांगलं कुणी बोललेलं नाही.

तर आम्ही आठ जणी आता रस्सीखेचीचा संघ आहोत. वीस सप्टेंबरला सगळ्या कॉलेजांची स्पर्धा आहे आणि मला तिथे ओढायचं आहे. पण कार्यालय म्हणतं, माझी माफी 'कायमची' आहे. त्या फॉर्मवर 'तात्पुरती / कायमची, लागू नसेल ते खोडावे' असं छापलेलं असतं. तू 'तात्पुरती' खोडलंस. घाईत झालं असणार. तेवढं दुरुस्त करून पाठव.

तुझी,
ठकी

*

१७ जुलै

प्रिय ठके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दार चौकटीसकट आलं तिथे इतकी हसले की बाहेर बसलेले पेशंट दचकले. कंपाउंडर आत डोकावून गेला.

पण बाळा, हे खूळ कुणी घातलं तुझ्या डोक्यात? रस्सीखेच म्हणजे हात सोलवटणं, कंबर धरणं, खांदा निखळणं. त्यात तुझं शेवटचं वर्ष. आणि हे मैदानाचे सर कोण? वय काय त्यांचं? मुलींच्या पायांकडे बघत उभे राहतात हे मला काही फारसं रुचलं नाही.

तू पंधरा वर्षांची असतानाची एक दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शाळेची पी.टी.ची अर्धी चड्डी तुला घट्ट झाली होती आणि सगळ्या वर्गासमोर ती शिवणीत उसवली. तू तशीच, दप्तर मागे धरून, माझ्या दवाखान्यात आलीस आणि पडद्याआड जाऊन बसलीस. 'पोतं फाटलं' असं मुलं ओरडली होती, हे तुझ्या तोंडून काढायला मला तासभर लागला. मी तुला माझी ओढणी गुंडाळली आणि मनाशी ठरवलं, या पोरीला पुन्हा अशी उभी राहू द्यायची नाही. आमच्या शाळेत सिस्टर आम्हाला पायघोळ झग्यांत कवायत करायला लावायच्या. कुणाला हसायचं झालं तरी कुणाचं काही दिसत नव्हतं. ते दिवस बरे होते, असं आता वाटतं.

दाखल्याचं म्हणशील तर एकदा 'कायमची' लिहिलं की फिरवता येत नाही. तो कायद्याचा कागद असतो. तुला व्यायाम हवा असेल तर रोज संध्याकाळी अर्धा तास चाल. जिने चढ. लिफ्ट वापरू नकोस. खोलीत दोरीवरच्या उड्या मार. दोरीच हवी असेल तर ती आहे.

ताईला मी काही बोललेले नाही.

तुझी,
मावशी

*

२३ जुलै

मावशी,

सर अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही. त्यांनी माझ्या टाचांकडे बघितलं. त्यांच्याबद्दल तू जे लिहिलंस ते मी खोडून टाकलं आहे, लागू नव्हतं म्हणून.

संध्याकाळी चाल म्हणतेस. कुठे चालू? होस्टेलचं फाटक सातला बंद होतं. प्रयोगशाळेतून मी साडेसहाला सुटते. उरलेल्या अर्ध्या तासात जेवणाची रांग असते आणि ती चुकली की सकाळपर्यंत पाणी पिऊन झोपायचं. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर कठड्यावर बसलेले लोक आहेत, ते आमच्या चालीला ताल धरतात. गच्चीला कुलूप आहे. लिफ्ट नाहीच आहे, त्यामुळे जिने मी तीन वर्षं चढते आहे, आभारी आहे. खोलीत आम्ही चौघी राहतो, दोरीवरची उडी मारली तर खालची वॉर्डन वर येते. मैदान मुलींना दुपारी दोन ते चार. नेमकी तेव्हा विज्ञानाच्या सगळ्या मुलींची प्रात्यक्षिकं असतात, खेळाचा तास धरून आठवड्यातून दोनदाच सुटका होते. चारनंतर मैदान मुलांचं, ते अंधार पडेपर्यंत.

हे सगळं ओलांडून आम्ही आठ जणी पहाटे साडेपाचला मैदानावर जातो. सरांनी फाटकाची एक किल्ली आम्हाला दिली आहे. तासभर दोरी झाडाला बांधून ओढतो. माझे तळहात आता तुझ्या ओळखीचे राहिलेले नाहीत. आणि मला मजा येते, मावशी. घाम येतो, भूक लागते, पहिल्या तासाला झोप येत नाही. मला वाटायचं माझं शरीर म्हणजे कुणीतरी माझ्या पाठीवर टाकलेलं ओझं. आता ते माझ्या बाजूने आहे.

तू नाही म्हणालीस म्हणून मी कॉलेजच्या डॉक्टरकडे गेले. त्याने नाडीसुद्धा बघितली नाही. "तुमच्या घरच्याच डॉक्टरने हृदय नाजूक म्हणून लिहिलंय, मी कशाला हात लावू? उद्या मैदानात पडलीस तर?" तेव्हा मला कळलं की तू काय लिहिलं होतंस. मी तर आजवर 'पाय मुरगळतो' वगैरे असेल असं समजत होते.

मग मी क्रीडा विभागात गेले आणि बाबूला म्हटलं, माझा कागद दाखवा. तो चहा प्यायला निघाला होता, अख्खी फाइलच माझ्यासमोर ठेवून गेला.

आपल्या गावच्या सगळ्या मुली याच कॉलेजात येतात. त्या फाइलमध्ये तुझ्या अक्षरातले एक्केचाळीस कागद आहेत. मी मोजले. एक्केचाळीस वेळा तेच वाक्य: 'हृदय नाजूक असल्याने श्रमाचे खेळ वर्ज्य.' एक्केचाळीस वेळा 'तात्पुरती' खोडलेलं, पट्टी लावून, सरळ रेघेत. घाईत पट्टी कोण लावतं? आमच्या तासाला पायरीवर बसणाऱ्या आम्ही आठही तुझ्याच.

आपल्या गावात पाण्यात काय आहे ग, की मुलींची हृदयं अशी एका साच्यातून निघतात? आणि मुलांची ठणठणीत?

मला तो दिवस आठवतो. तू फॉर्म भरलास तेव्हा स्टेथोस्कोप खुंटीला होता. तू उठली नव्हतीस.

ठकी

*

२ ऑगस्ट

ठके,

तू फाइल उघडलीस. परक्या मुलींचे कागद वाचलेस. मी तुला तेवढी समज दिली होती असं मला वाटत होतं.

आता ऐक, मलाही राग येतो. प्रवेशाचे दिवस आले की माझ्या दवाखान्याबाहेर आयांची रांग लागते. तुला वाटतं मी त्यांना बोलावते? एक सांगते, "उन्हात काळी पडेल, पुढच्या वर्षी तिचं बघायचंय." दुसरी म्हणते, "दोन तास खेळात गेले तर मार्क कोण देणार, तुम्ही?" तिसरी मुलीलाच पुढे करते आणि मुलगी मान खाली घालून म्हणते, "ते कपडे घालून मला नाही जमणार." तिच्याशी मी काय वाद घालू? तुझी आई त्या रांगेत सगळ्यांत पुढे होती. "माझी पोर हसं करून घ्यायला पाठवणार नाही," असं म्हणून ती माझ्या टेबलावर डोकं टेकून रडली. माझी सख्खी बहीण.

आणि मी ते मैदान बघितलेलं आहे. तू समजतेस तेवढी मी दवाखान्यातली बाहुली नाही. बावीस वर्षांपूर्वी त्या कॉलेजने मला आरोग्य तपासणीसाठी बोलावलं होतं. मैदानाला रस्त्याच्या बाजूने भिंत नव्हती, लोक सायकली थांबवून बघत उभे होते. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. एक मुलगी पाठ लावून दार धरायची, दुसरी बदलायची. पाचशे मुलींना दोन संडास, त्यातला एक मोडका. मी प्राचार्यांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, बघतो," आणि मला चहा पाजला.

मैदान बदलणं माझ्या हातात नव्हतं. मुलीला तिथून बाहेर काढणं होतं. एका सहीत ती सुटायची आणि जाताना माझे पाय धरायची. हो, खोटं होतं. तपासलं नाही, कारण काय लिहायचं ते आधीच ठरलेलं होतं. निरोगी मुलीला तपासून मग नाजूक लिहिणं मला जास्त खोटं वाटायचं. 'कायमची' ठेवायचे कारण दर वर्षी तीच रांग मला नको होती.

आता तुला धडधाकट लिहून दिलं तर कार्यालय विचारणार, नाजूक हृदय एकाएकी बरं कसं झालं? मग तुझ्यासारखंच कुणीतरी बाकीचे चाळीस मोजणार. माझी सनद जाईल. तेहतीस वर्षं मी या गावाची बाळंतपणं केली आहेत. ती एका दोरीपायी घालवू?

मावशी

*

६ ऑगस्ट

मावशी,

कडी अजून नाही.

बावीस वर्षं झाली. आम्ही अजून पाठ लावून दार धरतो. परवा मी धरलं होतं, हवालदार बदलत होती. तुझं पत्र माझ्या खिशात होतं.

तुला ती कडी दिसली होती. तू डॉक्टर होतीस, तुझी सही चालत होती, तुझ्या एका ओळीवर कॉलेज एका मुलीला तीन वर्षं पायरीवर बसवत होतं. एवढ्या सह्या केल्यास. त्यातली एक कडीच्या अर्जावर केली असतीस तर? एक भिंतीसाठी, एक संडासासाठी? प्राचार्यांनी चहा पाजला आणि तू प्यालीस.

ज्या मुली रडत आल्या त्यांना तू तिथून बाहेर काढलंस, आणि ज्या जागेने रडवलं ती तशीच ठेवलीस. मग पुढच्या आल्या. रांग तुला नको होती म्हणतेस, पण रांग तूच चालू ठेवलीस. आता कार्यालय म्हणतं, मुलींना खेळात रसच नाही, बघा निम्म्या तर आजारी. सर नवीन चेंडू मागतात तेव्हा बाबू तीच फाइल त्यांच्यासमोर आपटतो.

आणि आईचं रडणं माझ्या गळ्यात मारू नकोस. आई घाबरली होती. तू घाबरली नव्हतीस, तुला फक्त काम उरकायचं होतं.

पंधरा वर्षांची असताना मी तुझ्याकडे रडत आले, कारण तू मला हसणार नाहीस हे मला माहीत होतं. पण तू मला असंही म्हणू शकली असतीस, की चल, मोठी चड्डी शिवू.

सनद तुझी आहे. मला दाखला नको. आम्ही येत्या शनिवारी सकाळच्या बसने येतो, आठही जणी. एकदा आम्हाला तपास, एवढंच. बाकी काय लिहायचं ते तुझं तू बघ.

ठकी

*

२४ ऑगस्ट

ठके,

त्या शनिवारनंतर दोन आठवडे गेले. लिहायला रोज बसले आणि रोज उठले.

तुम्ही आलात, रांगेने बाकावर बसलात. तू टेबलावर आडवी झालीस आणि पंख्याकडे बघत राहिलीस. मी तुझ्या छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुझं हृदय मी शेवटचं ऐकलं ते तू सहा वर्षांची असताना. चांगलं आहे तुझं हृदय. संथ, दणकट, कुणाची घाई नसल्यासारखं. तुला पन्नास पायऱ्या चढ-उतर करायला लावलं आणि दोन मिनिटांत ते पुन्हा तसंच चालायला लागलं. सोबत दाखला आहे. त्यावर मी तपासल्याची तारीख आणि वेळ घातली आहे.

आता दुसरं, हवालदार त्या दिवशी तुमच्याबरोबर न परतता घरी का थांबली ते. हवालदारने मला सांगितलं, "ठकीला तुम्हीच कळवा, मला नाही जमायचं." म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

तिचा नंबर पाचवा होता. ती आत आली तीच बोलत, "डॉक्टर, आमचं कापड बघा, टिकाऊ आहे की नाही." मी हसले. मग कानात स्टेथोस्कोप घातला आणि एक आवाज ऐकला जो तिथे नसायला हवा होता. मला वाटलं, पंखा. पंखा बंद केला. मग तिला कुशीवर वळवलं, श्वास रोखायला लावला, पुन्हा ऐकलं. तो आवाज चांगल्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटात कळतो. हृदयातली एक झडप पुरती उघडत नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, विचारलं. "आला होता की, महिनाभर निजून होते," म्हणाली. तिला मी जिना चढू दिला नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला दम लागायचा. पण चिठ्ठी खोटी आहे हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं ना. मला वाटायचं, माझा दमही तसलाच."

ठके, मी तेहतीस वर्षं रोग ओळखायचं काम केलं. तिचा रोग मी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने, शब्दाला शब्द बरोबर लिहिला होता आणि मला तो माहीत नव्हता. कॉलेजने विचारलं नाही कारण डॉक्टरचा कागद होता. कॉलेजच्या डॉक्टरने हात लावला नाही कारण माझा कागद होता. तिच्या आईने कुणाला दाखवलं नाही कारण तो कागद खोटा आहे हे तिला ठाऊक होतं, तिनेच तो मागितला होता. त्यात तीन वर्षं गेली, आणि शेवटचे दोन महिने ती पहाटे दोरी ओढत होती.

तिला मी मोठ्या हॉस्पिटलात नेऊन आले. तार आत घालून झडप रुंद करायची आहे. आधी आली असती तर औषधांवर बरेच दिवस काढता आले असते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. कागद कुणाचा होता ते मी त्यांना सांगितलं.

प्राचार्यांना काल पत्र दिलं. एक्केचाळीसही मुलींना मी न तपासता दाखले दिले, ते सगळे मी मागे घेते, आणि प्रत्येकीला कुणीतरी नीट तपासावं, असं लिहिलं. त्यांनी मला बसवून घेतलं. "तुमच्या भाचीचे आणि तिच्या संघाचे नवे कागद मी गुपचूप घेतो, हे पत्र तुम्ही परत न्या, कशाला दोघांची शोभा," असं म्हणाले. चहा मागवत होते. मी नको म्हटलं. वैद्यक परिषदेलाही तेच पत्र पाठवलं आहे.

ताई माझ्याशी बोलत नाही. गावात कळलं आहे. काल सकाळी दवाखान्यात फक्त कंपाउंडर आणि मी होतो.

मावशी

*

२३ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र मिळालं तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. हातात पेन धरवत नव्हतं, आणि ते काही दोरीमुळे नव्हे. हवालदार लवकर दमायची. आम्ही तिला म्हणायचो, नुसता आवाज आहे, आत भुसा भरलाय. सगळ्यांत मोठ्याने मी म्हणायचे. तुझ्यावर ओरडताना मला हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

कॉलेजात काय झालं ते ऐक. चौकशी बसली. माफी रद्द म्हणजे आम्ही तीन वर्षं खेळाच्या तासाला गैरहजर, असा अर्थ कार्यालयाने लावला. चाळीस जणींनी प्रत्येकी नव्वद तास मैदानावर भरल्याशिवाय निकाल मिळणार नाही. शिक्षा म्हणून. आणि चाळीस मुली सक्तीने मैदानावर यायच्या म्हटल्यावर त्यांना वेळ द्यावी लागली, म्हणून आठवड्यातले तीन दिवस चार ते सहा मैदान आमचं झालं. देखरेखीला एक बाई नेमाव्या लागल्या. त्या बाई पहिल्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत गेल्या, बाहेर आल्या आणि प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसून राहिल्या, सुतार येईपर्यंत.

दोन दिवसांचं काम होतं, मावशी. बावीस वर्षं ते मागायचं राहून गेलं आणि शिक्षा झाली तेव्हा मिळालं. मला आनंद व्हायला हवा. माझ्या अंगाची नुसती आग होते.

सगळ्या काही खुश नाहीत. निम्म्या जणी माझ्याशी बोलत नाहीत, अभ्यासाचे तास गेले म्हणून. एकीने तुझं नाव घेऊन शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. पण पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या काही जणी आता चेंडू मागतात. परवा एकीने तर संपल्यावर विचारलं, जादा तास भरला तर चालतो का. बाईंनी आम्हाला सांगितलंय, अंगात काहीही घाला, सलवार घाला, बाबांचा शर्ट घाला, बूट नसले तर अनवाणी या, फक्त या. एवढं साधं वाक्य तीन वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

स्पर्धा झाली. हवालदारच्या जागी आम्ही माफीवाल्यांतलीच एक घेतली, वीस दिवसांत तयार केली. पहिली खेच आम्ही जिंकलो. मी दोरी काखेतून पाठीवर घेऊन रेलले आणि समोरच्या आठ जणी माझ्याकडे सरकत आल्या. मला आजवर एवढ्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहत होते आणि मी कुठेही लपले नाही. दुसरी हरलो. तिसरीत बराच वेळ दोरी हललीच नाही, मग आमच्यातल्या एकीचा पाय घसरला आणि आम्ही सगळ्या पुढे ओढल्या गेलो. मी शेवटची उठले. हरलो त्याचं वाईट वाटलं, खरंखुरं वाईट वाटलं. पायरीवर बसून हे वाटायची सोय नव्हती.

हवालदार तेव्हा हॉस्पिटलात होती. झडपेचं काम चार दिवसांपूर्वी झालं. नीट झालं म्हणतात. काल मी तिला भेटायला गेले. खोली क्रमांक सात, खिडकीजवळचा पलंग. आवाज बारीक झालाय तिचा. मी तिला स्पर्धेचं सगळं सांगितलं, तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "दुसऱ्या खेचीत तुम्ही घाई केली असणार." केली होती.

मी मुद्दाम तुझा विषय काढला, तर ती भिंतीकडे वळली.

मावशी, तू जे केलंस ते सोपं नव्हतं, हे मला कळतं. प्राचार्यांकडून तू पत्र परत घेतलं नाहीस, हेही कळतं. परिषदेकडून काय येईल ते येईल, मी त्या दिवशी तुझ्या शेजारी येऊन बसेन. आईलाही घेऊन येईन, ओढत आणावी लागली तरी. पण माझा राग गेलेला नाही. तो जावा म्हणून तू मला लांबलचक पत्रं लिहू नकोस. तुझी तीन पत्रं आली, तिन्ही माझ्या नावाने. माझं हृदय चांगलं आहे, तूच लिहून दिलंयस.

तिला लिही. एक्केचाळीसांतल्या कुणालाच तू आजवर एक ओळ लिहिलेली नाहीस, तिच्यापासून सुरू कर. माझी आठवण काढू नकोस, गावाची बाळंतपणं काढू नकोस, आयांची रांग तर नकोच नको. तू काय केलंस तेवढं लिही. ती उत्तर देईल असं मला वाटत नाही. तरी लिही. रविवारपर्यंत ती तिथेच आहे, त्यानंतर घरी नेणार आहेत. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

ठकी